पिंगळ्याचे छायाचित्र

जव्हार तालुक्यातील जामसरच्या परिसरात मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. हेच मृगाचे किडे. मुंबईहून कॅमेरा घेऊन जव्हारचा घाट चढणारा हौशी छायाचित्रकार मात्र बहुधा त्यांना ओलांडून पुढे जातो. त्याला बिबट्या हवा असतो, निदान स्वर्गीय नर्तक तरी! कुंपणावरचा सरडा, खाचराच्या बांधावरचा बगळा, मोहाच्या ढोलीतला पिंगळा, या रोजच्या मंडळींचे चित्र काय घ्यावयाचे, असे त्यास वाटते. ही उपेक्षा किती अनाठायी आहे, हे त्या पिंगळ्याच्याच घराण्यातील एका हकीकतीवरून दिसून येते.

पिंगळा हे वीतभर उंचीचे घुबड शहरवासीयांसही अपरिचित नाही. तिन्हीसांजेला चिरक्या स्वरात भांडणारी त्याची जोडपी जुन्या वडांवर आढळतात; पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा भिक्षेकरीही याच पाखराचे नाव मिरवतो. त्याचा दुर्मीळ भाऊबंद म्हणजे वनपिंगळा. ह्यूम याने १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्या काळी बंदूक हाच पक्षिशास्त्रज्ञाचा कॅमेरा होता. पक्षी टिपावा, कातडे भरावे, पायास स्थळ-काळाची चिठ्ठी बांधावी, म्हणजे पुरावा सिद्ध झाला. खानदेशात शहाद्याजवळ जेम्स डेव्हिडसन याने १८८४ साली मिळविलेल्या नमुन्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

मध्यंतरी एका चिठ्ठीने मोठाच घोटाळा केला. १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपण वनपिंगळा मारला, असा कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांचा दावा होता. संशोधक त्या दाव्यावर विसंबून शोध घेत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी ते कातडे बारकाईने तपासले. ते डेव्हिडसनच्याच संग्रहातले, चोरून नव्याने भरलेले निघाले! खोटे ठिकाण वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याकडे वळले, आणि ११३ वर्षे हरवलेला पक्षी सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला त्यांना सापडला. या वेळी त्याच्यावर रोखली गेली ती बंदूक नव्हे, कॅमेऱ्याची काच.

दिवसाउजेडी बसणारा पक्षी इतकी वर्षे कसा हुकला? पिंगळा दिसला की मनुष्य 'नेहमीचाच' म्हणून मान फिरवतो, हेही त्याचे एक कारण असावे. नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात; वनपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, पंख-शेपटीवरील पट्टे रुंद आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. पहिल्याची शंभर चित्रे ज्याने निरखली, त्यालाच दुसरा चटकन ओळखता येईल. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात २०१४ साली वनपिंगळा आढळला. मोखाड्याच्या दक्षिणेकडील हे रान जामसरहून काही फार दूर नाही.

म्हणून जामसरकडे निघालेल्याने साग निष्पर्ण झाल्यावर, फाल्गुनाच्या सुमारास, कोवळ्या उन्हात पिंगळ्याचे चित्र अवश्य घ्यावे. केवळ वटारलेले डोळे टिपून समाधान मानू नये. माथा, पाठ, पाय दिसतील अशी चित्रे घ्यावीत, आणि एक चित्र दुरून, झाडासह व भोवतालच्या रानासह. प्रत्येकासोबत गाव, तिथी, वेळ प्रामाणिकपणे नोंदवावी. चिठ्ठी खोटी असली तर चित्रही त्या कातड्याच्याच पंक्तीस बसते.

ढोलीसमोरील फांदी मात्र चित्रासाठी छाटू नये. तिच्याच आडोशाने पिले वाचलेली असतात. ध्वनिमुद्रित साद घालून पक्ष्यास वारंवार बाहेर काढणे तर निव्वळ छळ होय. वनपिंगळा आजही संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. चुकून तोच समोर आलाच, तर चित्र जाणकारांकडे पाठवावे आणि ढोलीचा नेमका ठिकाणा चारचौघांत सांगू नये. आणि माथ्यावर ठिपके निघाले, तर तेही चित्र तारखेसह जपून ठेवावे.