दाताच्या मुळाची झीज आणि सीटी प्रतिमा

वरचा सुळा साधारणपणे अकरा-बारा वर्षांच्या वयात बाहेर येतो. तो वाट चुकून जबड्यातच अडकला, तर शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर दाब पडून तेथील कठीण ऊती विरघळवणाऱ्या पेशी सक्रिय होतात आणि मूळ झिजू लागते, या प्रक्रियेला मूलशोषण म्हणतात. तिचे घातक वैशिष्ट्य हे की ती बहुधा वेदनारहित असते. साध्या क्ष-किरण चित्रात सर्व थर एकावर एक पडत असल्याने मुळाच्या ओठाकडील किंवा टाळूकडील बाजूस झालेली झीज सहज लपते. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरवून घेतलेली सीटी मात्र त्याच मुळाचे पातळ छेद तिन्ही दिशांनी दाखवते. स्वीडनच्या एरिक्सन व कुरोल यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या सीटी अभ्यासात वाट चुकलेल्या सुळ्यांशेजारच्या 38 टक्के बाजूच्या पटाशींची मुळे झिजलेली आढळली.

वऱ्हाडात अमरावती येथे विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे आणि अकोल्यात डॉ. राजेश रामदासजी कांबे यांच्या नावाचे दंत महाविद्यालय असल्याने तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी नागपूर गाठणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. दातांना तारा लावण्यापूर्वी सुळा हिरडीत जाणवत नसेल, तर शेजारच्या मुळाची झीज होत आहे का, ही शंका पालकांनी अवश्य विचारावी. तथापि साध्या चित्रापेक्षा सीटीत किरणमात्रा अधिक असते, म्हणून मुलांमध्ये ती निव्वळ खात्रीसाठी सरसकट काढणे अयोग्य आहे. उपचाराचा निर्णय बदलणार असेल तेव्हाच, आणि तीही आवश्यक तेवढ्याच भागाची, काढणे उचित ठरते.