तुमचा एक्का, आमचा एक्का

हेडफोन लावलेत ना? आज माझीच एक चूक सांगणार आहे.

बीटेकचा पहिला आठवडा. इंडक्शनला भाषणं ऐकावी लागणार म्हणून आम्ही मागच्या बाकावर जागा पकडली, तर सीनियर्सनी चक्क पत्ते काढले! गेमचं नाव ‘बार्न्गा’. मूळचे चेन्नईचे शिवसैलम थियागराजन यांना तो १९८० मध्ये लायबेरियात काम करताना सुचला.

खेळ सोपा. प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद. तो वाचायचा, एक-दोन डाव खेळायचे, मग कागद परत. आणि त्यानंतर बोलायला बंदी, फक्त खाणाखुणा. काही डाव झाले की जिंकणारे एका बाजूच्या टेबलावर, हरणारे दुसऱ्या.

मी जिंकून पुढच्या टेबलावर गेले. एक्का टाकला, म्हणजे हात माझाच. पण समोरच्या मुलीने शांतपणे पत्ते स्वतःकडे ओढले. मी परत ओढले. मनात म्हटलं, चीटिंग करते राव ही!

शेवटी कळलं, प्रत्येक टेबलाचा कागद थोडा वेगळा होता. आमच्याकडे एक्का सगळ्यात मोठा, त्यांच्याकडे सगळ्यात लहान. चीटिंग कुणीच करत नव्हतं.

सगळे हसले. मला मात्र माझी रूममेट आठवली. धुळ्याजवळच्या गावातली. पहिल्याच रात्री ती आईशी फोनवर अहिराणीत बोलत होती आणि मी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती फोन करायला गच्चीवर जायला लागली. माझी पुण्याची मराठी हाच सगळ्यांचा नियमांचा कागद, असं मी धरून चालले होते.

मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये वैद्यकीय शिक्षणाबद्दल लिहिताना ‘कल्चरल ह्युमिलिटी’ची कल्पना मांडली. सांस्कृतिक नम्रता म्हणा. दुसऱ्याची संस्कृती शिकून ‘झाली’ असं होत नाही. स्वतःला तपासणं आयुष्यभर चालतं.

हे स्लाइडवर वाचून मी नुसती मान डोलावली असती. पत्त्यांवर आलेला राग मात्र माझा स्वतःचा होता, तो नाकारता येईना.

त्या रात्री मी सॉरी म्हटलं. ती “ठीक आहे” म्हणाली. पण तिचं गच्चीवर जाणं थांबायला दिवाळी उजाडली.

यंदा इंडक्शन तुमच्याकडे असेल, तर हा गेम नक्की घ्या. आणि खेळाइतकाच वेळ नंतरच्या गप्पांना ठेवा. खरं शिकणं तिथेच होतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!