साथरोग, उपाययोजना आणि रुग्णाचा विश्वास

(संस्थेच्या वर्धापनदिनी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



साथरोगांविषयी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांनी बोलणे अधिक उचित झाले असते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आजवरचे आयुष्य पावत्या, खतावण्या आणि ताळेबंद यांत गेले. तरीही अध्यक्ष महोदयांनी हा विषय मजकडे सोपवला, याचे कारण बहुधा असे की, २०२० साली ताळेबंद बाजूला राहिला आणि टाळेबंदीचा हिशेब मांडण्याची वेळ आम्हा कार्यालयातील मंडळींवर आली.

हिशेब करणाऱ्याला साथ समजते ती चक्रवाढ व्याजाच्या भाषेत. एका रुग्णापासून सरासरी दोघांना लागण होत असेल, तर दहाव्या फेरीत त्या एकाचे १,०२४ होतात. हाच दर दीडवर आणला, तर दहाव्या फेरीत साधारण ५८ होतात. आणि तो एकाच्या खाली, समजा ०.९ वर गेला, तर १०० रुग्णांमागे दहाव्या फेरीत ३५ उरतात. अलगीकरण, मुखपट्टी, लसीकरण, गर्दीवरील बंधने या साऱ्यांचा हेतू हा दर उतरवणे एवढाच असतो. म्हणूनच लवकर केलेला लहानसा उपाय उशिरा केलेल्या मोठ्या उपायाहून पुष्कळदा अधिक फळ देतो. परंतु हे गणित दोन अटींवर अवलंबून आहे. रोग ज्या वाटेने जातो त्याच वाटेवर उपाय उभा राहिला पाहिजे. आणि रुग्ण लपून न राहता आपल्या नोंदवहीत आला पाहिजे. या दोन्ही अटी मोडल्या म्हणजे काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने १८९७ साली पाहिले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्याने शासनाला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिपत्याखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर तपासणी करू लागल्या. देवघर, स्वयंपाकघर, माजघर यांचा विधिनिषेध उरला नाही. संशयित रुग्णास रुग्णालयात, त्याच्या घरच्यांस छावणीत नेऊन ठेवायचे. सामान जाळायचे, जमीन उकरायची, कार्बोलिक शिंपडायचे, भिंतींना चुना द्यायचा, असा तो क्रम होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपणा सर्वांस विदित आहे. मला त्यातली दुसरी बाजू सांगावयाची आहे.

त्या काळी प्लेगचा प्रसार कसा होतो हेच निश्चित ठाऊक नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून हा रोग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवेमार्फत जातो असे दाखवले. त्यावरही पुष्कळांचा विश्वास बसेना. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या पद्धतशीर संशोधनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. गाठीचा प्लेग माणसापासून माणसाला थेट क्वचितच होतो. म्हणजे ज्या रुग्णाला बळाने ओढून नेले, तो बहुतांशी साथीचा वाहक नव्हताच. वाहक घराच्या आढ्यात आणि धान्याच्या कणगीपाशी फिरत होता. खेड्यांतील आपले पूर्वज मात्र उंदीर पडू लागले की गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. त्यांना पिसवेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण उपाय योग्य वाटेवर होता.

पहिली अट अशी अज्ञानामुळे मोडली. त्याबद्दल त्या काळच्या अधिकाऱ्यांना मी फारसा दोष देणार नाही. दुसरी मात्र हाताने मोडली. तपासणीच्या धास्तीने लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यू दडवू लागले, रातोरात दुसऱ्या गावी जाऊ लागले. आणि त्यांच्या सामानाबरोबर पिसवाही जाऊ शकत होत्या. वहीतला आकडा खरा राहिला नाही. पुढे सक्ती सैल करावी लागली. मुंबईत वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली, पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. सरकारी रुग्णालयाच्या नावाने घाबरणारी माणसे अशा ठिकाणी तुलनेने सहज येत. हडपसरनजीक सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. त्याच सेवेत प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि मगच ती इतरांना दिली.

आता आपल्या घरची गोष्ट. मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा राज्यात पुन्हा लागू झाला. त्या दिवसांत आपल्या प्रवेशद्वारावर मी एक फलक लावला होता : "ताप, खोकला असणाऱ्यांस प्रवेश नाही." डॉक्टरांशी पुरेशी चर्चा न करता, माझ्याच सहीने. हेतू इतर रुग्णांच्या रक्षणाचा होता. दोन आठवड्यांच्या आत एक वयस्क गृहस्थ पोटदुखीसाठी दाखल झाले. नोंदणीखिडकीवर ताप आहे का असे विचारले, तेव्हा त्यांच्या मुलाने नाही म्हटले. गोळी देऊन ताप उतरवून आणले होते. खरे सांगितले तर बाबांना परत पाठवतील, असे त्याला वाटले. आणि फलक पाहता त्याचे वाटणे चूक नव्हते. त्या कक्षातील आमच्या एका मावशींना लागण झाली, कक्ष चौदा दिवस बंद ठेवावा लागला. मावशी बऱ्या होऊन कामावर परतल्या, परंतु आजही जिना चढताना मध्येच थांबतात. त्या मुलावर मी त्या वेळी फार संतापलो होतो. पुढे लक्षात आले की, त्याला खोटे बोलणे भाग पाडणारा कागद माझ्या सहीचा होता.

पहिल्या अटीतही आम्ही चुकलो. जमीन, कठडे, पिशव्या यांवर जंतुनाशक फवारण्यात बराच खर्च केला, आणि प्रतीक्षाकक्षाच्या खिडक्या मात्र वातानुकूलनासाठी बंदच ठेवल्या. हा विषाणू मुख्यत्वे श्वासावाटे व कोंदट हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. आमच्या फवारणीकडे पाहताना मला आता पुण्यातील ते कार्बोलिक आठवते.

फलक काढून त्या जागी "ताप असल्यास कृपया डावीकडील खिडकीवर सांगावे, आपणास लगेच तपासले जाईल" असा मजकूर लावला, वाहनतळाच्या कडेला उघड्या शेडमध्ये तापाचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि ताप सांगणाऱ्या कोणासही परत पाठवायचे नाही, असा लेखी नियम केला. पहिल्याच आठवड्यात वहीतील तापाच्या नोंदी एकदम वाढल्या. एक विश्वस्त काळजीने मला म्हणाले, "अहो, साथ वाढली की काय?" मी म्हटले, "साथ होती तेवढीच असेल साहेब, आता ती आपल्याला दिसू लागली."

ती शेड मूळची तात्पुरती होती. पावसाळ्यात तिचे पत्रे गळतात, तरीही डेंग्यू आणि लेप्टोच्या दिवसांत तिचा उपयोग होतोच. पक्क्या बांधकामाचे अंदाजपत्रक मंडळापुढे ठेवले आहे. खिडक्या चारी बाजूंनी मोठ्या ठेवाव्यात, आणि खर्च कमी करावयाचा झाल्यास तो फरशीत करावा, खिडक्यांत करू नये, एवढी माझी नम्र विनंती आहे.