कुलपाला जोड सावधतेची
(भाषण)



वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात सोयाबीन, तूर, कापूस विकला गेला की घरात रोकड येते. पाठोपाठ लग्नसराई सुरू होते आणि घरांना कुलपे लागतात. अशा घरांना आकडी कळफलकाची इशारायंत्रणा उपयोगी ठरते.

तिची रचना साधी आहे. दारावर लोहचुंबक व चौकटीवर त्याचा जोडभाग असतो. दार उघडताच दोन्ही दुरावतात आणि भोंगा वाजतो. खोलीतील संवेदक माणसाच्या अंगच्या उष्णतेवरून हालचाल टिपतो.

पहिले काम कारखान्याने दिलेला संकेतांक बदलण्याचे. तो बहुधा माहितीपुस्तिकेत छापलेला असल्याने गुप्त राहत नाही. चार अंकांचे १०,००० संकेतांक होतात. तेव्हा जन्मवर्ष किंवा १२३४ निवडू नये. झिजलेल्या कळाही अंक उघड करतात, म्हणून संकेतांक अधूनमधून बदलावा.

कळफलक दाराजवळ, परंतु खिडकीतून दिसणार नाही असा बसवावा. यंत्रणा चालू केल्यावर बाहेर पडण्यास काही सेकंद मिळतात. परतल्यावर ठरलेल्या अवधीत संकेतांक दाबावा लागतो. रात्री घरात माणसे असताना केवळ दारांची राखण चालू ठेवावी. वीज गेल्यावर यंत्रणेची भिस्त बॅटरीवर असते. म्हणून महिन्यातून एकदा वीजपुरवठा बंद करून भोंगा तपासावा.

भोंगा चोरास बिचकावतो, पकडत नाही. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जावे. भोंगा ऐकताच त्यांनी ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. यंत्र हाक मारते. त्या हाकेला ओ देणारा शेजार हवा.