ओढ्यावरची घरगुती वीज

ठाण्यातल्या माजिवड्याच्या उंच इमारतीत राहणाऱ्याच्या मनात येतंच, गच्चीच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्यावर वीज का करू नये? हिशेब बघा. 1000 लिटर पाणी 30 मीटर खाली आलं, तरी जेमतेम 0.08 युनिट. ते वर चढवायला पंप त्याहून जास्त खातो!

डोंगरातला ओढा मात्र फुकट वाहतो. सेकंदाला 10 लिटर पाणी 20 मीटरवरून आणलं, निम्मी कार्यक्षमता धरली, तर सुमारे एक किलोवॅट, तेही रात्रंदिवस. विजेची तार न पोचलेल्या घराला भरपूर. खरी कटकट पाइपच्या तोंडावरच्या जाळीची. पालापाचोळा अडकला की दिवे मंदावतात.

आणि पावसाळा सरला की ओढा आटतो. 1915 साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी म्हणूनच घाटमाथ्यावर तलाव बांधले. घरी तलाव कुठला? दिवाळीनंतर सौर पॅनेलच.