बैलाचं पोट आणि बुरशी : पोळ्याला घ्यायची काळजी

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



पोळा तोंडावर आला आहे. खांदेमळणी होईल, शिंगं रंगतील, झुली चढतील, मारुतीच्या देवळापुढं जोड्या उभ्या राहतील. वर्षभर राबणाऱ्या जनावराचा हा एक दिवस. त्या दिवशी बैलाला पुरणपोळी चारू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. मात्र किती चारावी आणि चारल्यावर काय पाहावं, हे सांगायला जरूर आलो आहे. ज्यांच्याकडे आषाढात बेंदूर होऊन गेला, त्यांनीही ऐकावं. कारण लग्नाच्या उरलेल्या भाताची आणि खळ्यावरच्या धान्याच्या राशीची गोष्टही हीच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी पोळ्याला गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्याची जोडी गावात नावाजलेली. मिरवणूक झाल्यावर बैल दारोदार फिरले. प्रत्येक घरी ओवाळणी आणि प्रत्येक घरी पुरणपोळी. कुणी पिठाचे उंडे दिले, कुणी बाजरीची खिचडी पुढं केली. घरी आल्यावर पुन्हा पाटीभर नैवेद्य. मीही त्या दिवशी डाव्या अंगाच्या बैलाला माझ्या हातानं एक पोळी चारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल रवंथ करीना. मालकाला वाटलं, काल दमला असेल. दुपारी शेण पातळ झालं, आंबूस वास येऊ लागला. म्हाताऱ्या माणसांनी नजर काढली, चिंच-गुळाचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या दुकानातून कुणाला न विचारता गोळ्या आणून दिल्या. चौथ्या दिवशी बैल उभा राहिला, चार काड्या कडबा खाल्ला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्याच रात्री अंग तापलं, खाणं पुन्हा सुटलं, आणि नवव्या दिवशी बैल गेला. रब्बीची पेरणी पुढं उभी, आणि जोडी मोडली.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा मी तिथं होतो. पोटाच्या आतल्या अस्तरावर काळे-लाल चट्टे पडले होते, काळजावर डाग होते. प्रयोगशाळेच्या तपासणीत त्या चट्ट्यांत बुरशीचे तंतू निघाले. मालक मला म्हणाले, "साहेब, आम्ही तर त्याला बुरशीचं काहीच चारलं नव्हतं. घरात केलेल्या ताज्या पोळ्या होत्या." त्यांचं म्हणणं खरं होतं. मग बुरशी आली कुठून? आजचा विषय हाच आहे.

पोट म्हणजे एक शेतच

गाय, बैल, म्हैस यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला सर्वांत मोठा. त्याला कोठीपोट म्हणतात. ते डाव्या कुशीला असतं. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडब्यासारखा राठ चारा आपल्याला पचत नाही, बैलाला पचतो, तो या जीवांच्या जोरावर. जमिनीतले जीवाणू जसं शेणखत कुजवून पिकाला देतात, तसंच हे काम आहे. त्यांत काही उपयोगी बुरशीही असते. १९७५ साली इंग्लंडमधले शास्त्रज्ञ कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोठीपोटातली अशी बुरशी ओळखून दाखवली. चाऱ्यातले कठीण धागे फोडायला ती मदत करते. तेव्हा बुरशी तेवढी वाईट, असं नाही.

माती परीक्षणाच्या पत्रिकेत आपण सामू पाहतो. तसा कोठीपोटालाही सामू असतो. तो साधारण ६ ते ७ असला म्हणजे हे जीव सुखानं नांदतात. सामू टिकवायची सोय निसर्गानंच केली आहे. जनावर कडबा खातं, मग निवांत बसून रवंथ करतं. रवंथ करताना लाळ सुटते. मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळतं. या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. म्हणजे बैल स्वतःच स्वतःला सोडा पाजत असतो.

आता पुरणपोळीचं पाहा. कणीक, हरभऱ्याची डाळ आणि गूळ. चावायचं फारसं काम नाही, रवंथाचं तर नाहीच. म्हणजे लाळ कमी. आणि पीठ-गूळ कोठीपोटात फार झपाट्यानं आंबतं. सवय नसताना एकाएकी असा माल पोटात पडला, की आंबवणारे जीवाणू भराभर वाढतात आणि आम्ल तयार होतं. सामू साडेपाचाच्या, पाचाच्याही खाली जातो. चांगले जीव मरू लागतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, जनावराचे डोळे खोल जातात. आम्लानं पोटाचं अस्तर भाजल्यासारखं होतं, सुजतं, जागोजाग सोलवटतं.

बुरशीला वाट मिळते ती इथं. शिळ्या भाकरीवर केसाळ बुरा येतो ना, त्याच जातीची बुरशी. तिचे बीजाणू वैरणीत, शेणात, हवेत सगळीकडे असतात. प्रत्येक जनावराच्या पोटात ते रोज जातात आणि काही न करता बाहेर पडतात, कारण अस्तर धड असतं आणि जागा चांगल्या जीवांनी व्यापलेली असते. अस्तर सोललं आणि राखणदार मेले, की तीच बुरशी आत शिरते, रक्तवाहिन्यांत वाढते, रक्त अडवते, काळजापर्यंत पोचते. न विचारता दिलेली जंतुनाशक गोळी उरलेसुरले चांगले जीवाणूही मारते आणि बुरशीला रान मोकळं करून देते. म्हणून तो बैल चौथ्या दिवशी बरा झाल्यासारखा दिसला आणि पुन्हा पडला. पहिलं दुखणं आम्लाचं होतं, दुसरं त्या वाटेनं आत शिरलेल्या बुरशीचं.

मंडळी, मला सांगायचं आहे ते एवढंच. बुरशी सगळीकडे आहे. ती आपण नाहीशी करू शकत नाही. पण तिला वाट करून द्यायची की नाही, हे आपल्या हातात आहे. ती वाट खाण्यातून आणि राहणीतून होते.

पोळ्याला काय करावं

सकाळी बैलाला आधी पोटभर कडबा, सरमड किंवा वाळलेलं गवत द्या. रिकाम्या पोटी मिरवणुकीला नेऊ नका. घरचा नैवेद्य म्हणून एक-दोन पोळ्या पुरेत. दारोदार फिरताना प्रत्येक घरी घासभर तुकडा घ्या, बाकीचं हात जोडून परत करा. गावानं आधीच ठरवलं, की ओवाळणी करायची पण पोळीऐवजी हिरव्या चाऱ्याची पेंढी द्यायची, तर फारच उत्तम. कुणाचा मान जात नाही आणि कुणाचा बैलही जात नाही.

लग्नकार्यातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी गव्हाणीत ओतू नका. खळ्यावर ज्वारी-मक्याची रास असेल तर जनावर रात्री नीट बांधा. दावं सुटलं की एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. रोजचा खुराक वाढवायचा असेल तर दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा वाढवा, दोन वेळांत विभागून द्या आणि वैरण खाऊन झाल्यावर द्या. कडब्याची कुट्टी इंच-दोन इंचांची ठेवा. अगदी भुगा केला तर रवंथ कमी होतो.

लक्षणं आणि पहिली मदत

जास्त खाल्ल्यापासून साधारण अर्ध्या ते दीड दिवसात लक्षणं दिसतात. रवंथ बंद होतो, डावी कूस भरते, जनावर दात खातं, शेण पातळ व आंबूस होतं, चाल झोकांड्या खाते. पुढं जनावर बसून मान कुशीकडे वळवतं. यातलं पहिलं लक्षण, म्हणजे रवंथ बंद झालेला दिसला, की लगेच डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. काय खाल्लं, किती खाल्लं आणि केव्हा खाल्लं, हे खरं खरं सांगा. लाजेनं लपवू नका.

डॉक्टर येईपर्यंत खुराक बंद करा, पुढं फक्त कोरडी वैरण ठेवा. एकदम पोटभर पाणी पाजू नका. उभं राहत असेल तर सावकाश चालवा. ताक, चिंचेचं पाणी, गुळाचं पाणी देऊ नका. आत आधीच आंबट झालेलं आहे. खाण्याचा सोडा उपयोगी आहे, पण किती द्यायचा ते जनावराच्या वजनावर आणि पोटाच्या स्थितीवर डॉक्टरांना ठरवू द्या. बसलेल्या जनावराची मान वर करून नळीनं काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि दुकानातली गोळी स्वतःच्या मनानं कधीच नको. सामू ठिकाणावर आल्यावर डॉक्टर कधी कधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस आजारी जनावराला पाजतात. आपण विरजण लावतो तसंच हे चांगल्या जीवांचं विरजण.

गोठा आणि वैरण

हाच नियम बाहेरून, कातडीलाही लागू आहे. अंधाऱ्या, ओल्या, दाटीच्या गोठ्यात वासरांच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी खरबरीत गोल चट्टे उठतात. ते गजकर्ण, तीही बुरशीच. हिरवा चारा न मिळालेल्या अशक्त वासराला ती लवकर धरते. वासरं वेगळी, मोकळी बांधा. सकाळचं ऊन अंगावर येऊ द्या. खुंटे, दावी स्वच्छ करा, कारण तिचे बीजाणू लाकडावर वर्षानुवर्षं टिकतात. हे गजकर्ण माणसालाही होतं. वासराला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. घरात कुणाला चट्टा उठला तर मिळेल ते मलम चोळू नका. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं खाज तेवढी थांबते आणि बुरशी चिवट होते. दवाखान्यात दाखवा.

वैरणीचंही तसंच. पावसात गंजी भिजली, कडब्याला काळा-हिरवा बुरा आला, की "जनावरंच तर खाणार" असं म्हणू नका. बुरा आलेली पेंड आणि भुईमूग-मका यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. ते शिजवून पुरतं जात नाही, आणि दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजून बुरसलेला मका खाण्यात आला आणि शंभराहून अधिक माणसं कावीळ होऊन दगावली. म्हणून शेंग हलवल्यावर आत दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा, पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचा, पेंड महिना-दीड महिन्याला पुरेल एवढीच आणा.

लक्षात ठेवा

१. आधी वैरण, मग खुराक; बदल सावकाश.
२. पोळ्याला एक-दोन पोळ्या, जास्त नाही.
३. रवंथ बंद म्हणजे डॉक्टर, त्याच दिवशी.
४. मनानं गोळी नको, आंबट-गोड काढा नको.
५. कोरडा गोठा, सकाळचं ऊन, बिनबुरशीची वैरण.

त्या शेतकऱ्यानं दुसऱ्या वर्षी नवा बैल घेतला. आता पोळ्याला त्यांच्या दारात जोडी येते तेव्हा ते स्वतः पोळीचा तुकडा मोडतात, बोटभर चारतात आणि उरलेली पोळी मालकाच्या हातावर ठेवतात. म्हणतात, "ही तू खा, तुला पचेल." तेवढंच आपणही करू या. सण गोड होऊ दे आणि दावणीला जोडी शाबूत राहू दे.