कुदळीचा सैल दांडा



बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले गाव. भोवतालची जमीन काळी. पावसाळ्यात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. ज्या हवेने जमीन भेगाळते, तीच हवा शाळेच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुदळीचा दांडाही सैल करते. मे महिन्यात या भागात पारा पुष्कळदा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. पुढे शाळा उघडते, झाडे लावण्याचे दिवस येतात आणि महिनोगणती पडून राहिलेली अवजारे मुलांच्या हाती जातात. उगारलेल्या कुदळीचे लोखंड निसटले, तर ते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. यास्तव सैल दांडा ही क्षुल्लक बाब मानता येत नाही.

दांडा सैल का होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत त्याची लांबी शेकडा अर्ध्याहूनही कमी घटते. रुंदी मात्र जातीप्रमाणे शेकडा ३ ते १० घटू शकते. लोखंडाचे नेढे, म्हणजे दांडा बसवण्याचे छिद्र, होते तेवढेच राहते. म्हणून दोहोंमध्ये फट पडते.

यावर सर्वत्र केला जाणारा उपाय म्हणजे अवजार रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे. सकाळी दांडा घट्ट झालेला दिसतो. परंतु हा उपाय फसवा आहे. फुगू पाहणाऱ्या लाकडाला लोखंड जागा देत नाही, त्यामुळे आतले तंतू चेपले जातात. वाळल्यावर तेच लाकूड पूर्वीपेक्षा बारीक होते व दांडा अधिकच सैल पडतो. बाजूने खिळा ठोकल्यास लाकूड चिरते. चिंधी कोंबल्यास दोष केवळ झाकला जातो.

खरा उपाय अवजाराच्या घडणीवर अवलंबून असतो. कुदळीचा दांडा बहुधा वरून ओवलेला असून त्याचे वरचे टोक जाड असते. ते टोक खाली करून दगडावर सरळ आपटावे. दांडा थांबतो, लोखंड मात्र जडत्वामुळे खाली सरकून जाड भागावर घट्ट बसते. जाड टोकच झिजून नेढ्यातून पार होऊ लागले असेल, तर दांडा बदलणे हाच उपाय.

पाचर मारलेल्या कुऱ्हाडीची रीत याच्या उलट आहे. तिचे पाते खाली लोंबते ठेवून दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकावे, म्हणजे दांडा पात्यात आणखी शिरतो. तेवढ्याने भागले नाही, तर दांडा काढून चेपलेला भाग तासावा, नेढ्याच्या लांब बाजूस समांतर अशी करवतीची चीर त्याच्या टोकाला द्यावी आणि दांडा पुन्हा बसवून तीत कठीण, पूर्ण वाळलेल्या लाकडाची लांबट पाचर ठोकावी.

नवा दांडा बाभळीचा उत्तम. मात्र लाकूड काही महिने सावलीत वाळलेले आणि त्याच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ असाव्यात. तिरप्या रेषांचा दांडा घाव घालताना मोडतो. वऱ्हाडात पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दिल्यास लाकडातील ओलाव्याची चढउतार मंदावते. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

या दुरुस्तीत पाठही दडलेला आहे. वाळलेल्या फळीच्या तुकड्याची लांबी व रुंदी मुलांनी मोजावी, तो दोन दिवस पाण्यात ठेवावा आणि पुन्हा मोजावा. लांबी जवळजवळ तेवढीच राहते, रुंदी वाढते. हे त्यांना आपल्याच पट्टीवर दिसेल. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण शिकवताना दांडा लाकडाचाच का असतो, हेही विचारावे. लाकूड थोडे लवते व घावाचा हिसका सोसते, म्हणून हाताला झिणझिण्या कमी येतात.

हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ६ वी ते ८ वीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले असून सुतारासारख्या स्थानिक कारागिरांकडून शिकण्याचा उल्लेख आहे. गावच्या सुताराला सन्मानाने शाळेत बोलावण्यास याहून चांगले निमित्त कोणते?

अवजार मुलांच्या हाती देण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतः हालवून पाहावे, दांड्यावरून बोट फिरवून चीर शोधावी आणि मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना दोन घाव घालून पाहावेत. लोखंड केसभर जरी सरकले, तरी ते अवजार त्या दिवशी बाजूला ठेवावे. एक खड्डा कमी खणला गेला तरी चालेल.